अर्धा ग्रॅम

थर्मामीटर फुटला तेव्हा बाहेरचा पारा त्रेचाळीसवर होता
आणि यदुच्या काखेतला एकशे दोनवर.
बाहेरचा नुसता बातम्यांतला.
हा खराखुरा, पलंगाखाली पळालेला.

आधी पंखा बंद केला.
परभणीत, मे महिन्यात, दुपारी अडीचला,
तापानं फणफणलेल्या पोराच्या डोक्यावरचा पंखा.
हमीदाबी दारातून ओरडल्या,
"काय करायलीस माय, लेकरू उकडून काढतीस का?"
म्हटलं, वारा त्याला घरभर नेईल.
दिसणार नाही, वास येणार नाही.
याला उचला, तुमच्याकडं निजवा,
कपाळावर ओली घडी ठेवा,
चपला इथंच राहू द्या.

त्या परत आल्या त्या केरसुणी घेऊन.
आमच्यात ती लक्ष्मी, त्यांच्यात नुसती झाडू,
आज दोघींनीही उंबऱ्याबाहेर थांबायचं.
झाडलं की एकाचे शंभर होतात,
शंभराचे किती,
ते मोजायला डोळे नाहीत आपल्याला.

खिडक्या उघडल्या. स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.
मग बांगड्या, कानातले, डोरलं,
शेवटी, साबण लावून, अंगठी.
हमीदाबींचा चेहरा उतरला,
"भरल्या घरात गळा मोकळा करू नये गं."
म्हटलं, सोन्याला आणि पाऱ्याला एकमेकांची ओढ असते.
भेटले की सोनं पांढरं पडतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये सतरा वर्षं बाटल्या पुसतेय मी,
पण हे तिथं नाही कळलं.

वसमतला, सराफ्याच्या मागच्या गल्लीत,
आण्णा मुलामा चढवायचे.
देवांचे मुखवटे, कळस, एखाद्याची हौसेची तलवारीची मूठ.
पाऱ्यात सोनं मुरवायचं, लोण्यासारखं होईपर्यंत,
ते मुखवट्याला सारवायचं, शेगडीवर धरायचं.
पारा उडून जायचा, सोनं राहायचं.
उडून कुठं जायचा, हे कुणी विचारलं नाही.
खोलीला एकच खिडकी,
विस्तव फडफडू नये म्हणून तीही लावलेली.

पुढं त्यांचे हात थरथरायला लागले.
बशीतला चहा धोतरावर.
गल्ली म्हणाली, दहिवाळ प्यायला लागला.
मामा म्हणाला.
आई म्हणाली नाही, पण
रात्री त्यांचं तोंड हुंगायची.
मीही एकदा हुंगलं, ते झोपेत असताना.
सुपारीचा वास होता.

आधी काचा वेचल्या, हातमोजे घालून.
मग एका जाड लग्नपत्रिकेनं, गणपती खाली येणार नाही असं धरून,
थेंबाला थेंब मिळवत आणला.
लगेच एक होतात. कसलंही भांडण नसल्यासारखे.
टॉर्च जमिनीवर आडवा ठेवला
तर फरशीच्या सांध्यात चांदणं सांडलेलं.
यदुच्या औषधाच्या ड्रॉपरनं ते ओढून घेतलं,
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सोडलं, झाकण घट्ट.
राहिलेली भुकटी चिकटपट्टीनं.
पत्रिका, ड्रॉपर, मोजे, अख्खी चादर, सगळं पिशवीत, पिशवीला गाठ.
मोरीत काही नाही.
मोरीचं पाणी शेवटी कुणाच्या तरी विहिरीत उतरतं.

बरणी जिन्याखाली आहे, सावलीत.
वर कागद: पारा. हात लावू नये.
उद्या सरकारी दवाखान्यात जाऊन विचारीन, कुणाच्या स्वाधीन करायची.
ते मला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवतील.
जाईन.

रात्री आम्ही हमीदाबींच्या ओसरीवर.
डास आहेत. यदुचा ताप उतरतोय,
हाताच्या पाठीला कळतं तेवढं.
समोर आमचं घर, अंधारात, सगळ्या खिडक्या सताड,
कुणी चोरानं यावं असं.

दागिने त्यांच्या पेटीत, रुमालात बांधलेले.
अंगठी तेवढी मी जवळ ठेवलीय.
आतल्या बाजूला आण्णांनी नाव कोरलंय: वैजयंती.
शेवटची वेलांटी हलली आहे.
लग्नात सासऱ्यांनी ती उजेडाकडं धरून विचारलं होतं,
"शुद्धीवर असताना कोरली ना?"
सगळे हसले.

मीही हसले होते.